घरातलं बोलणं घरातच राहावं म्हणून



हल्ली लग्नाच्या आहेरात, गृहप्रवेशाला आणि दिवाळीच्या भेटीत एक वस्तू हमखास दिसते. बोललेलं ऐकून काम करणारा स्पीकर. कुणाकडे ॲमेझॉनचा एको, कुणाकडे गूगलचा नेस्ट. आपल्याकडे हे स्पीकर २०१७-१८ मध्ये मिळू लागले, २०१९ मध्ये अलेक्सा हिंदी बोलू लागली आणि मग ती थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. सकाळी ओट्याशी उभं राहून "णमोकार मंत्र लगाओ" म्हटलं की मंत्र सुरू होतो, हात पिठात असताना भक्तामर लावता येतं, कुकरचा टायमर लावता येतो. सोय आहे, यात शंका नाही.

पण या सोयीबद्दल आपण बायका आपसात बोलतो तेव्हा बोलणं दोनच टोकांना जातं. एक टोक म्हणजे "अगं, ते सगळं ऐकत असतं, घरात ठेवूच नये." आणि दुसरं टोक म्हणजे "ऐकू दे की, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" मला ही दोन्ही मतं अपुरी वाटतात. पहिल्यात भीती आहे, माहिती नाही. दुसऱ्यात बेफिकिरी आहे, आणि ती बेफिकिरी आपल्या व्रतांशी जुळत नाही. आज मला मुख्यतः या दुसऱ्या मताबद्दल बोलायचं आहे.

यंत्र नेमकं काय ऐकतं?

आधी माहिती. स्पीकरचा मायक्रोफोन चालू असेल तर तो सतत कान देऊन असतो, हे खरं आहे. पण तो सतत सगळं कंपनीकडे पाठवत नाही, हेही खरं आहे. "अलेक्सा" किंवा "ओके गूगल" हा ठरलेला शब्द कानावर पडतोय का, एवढंच तो जागच्या जागी तपासत असतो. त्यासाठी काही सेकंदांचा आवाज तात्पुरता धरून ठेवतो आणि पुसत राहतो. ठरलेला शब्द ऐकू आला की दिवा लागतो, आणि त्यापुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातं. तिथे त्याचा अर्थ लावला जातो, उत्तर येतं, आणि आपण वेगळी सेटिंग केली नसेल तर त्या बोलण्याची नोंद आपल्या खात्यात राहते.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे यंत्राला चुकीचं ऐकू येतं. जर्मनीतल्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हजाराहून अधिक असे शब्दप्रयोग शोधले की जे बोलल्यावर ही यंत्रं न बोलावताच जागी होत होती. "इलेक्शन" हा साधा शब्द ऐकून अलेक्सा जागी होत होती. २०१८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड शहरात एका नवरा-बायकोचं घरातलं बोलणं एकोने रेकॉर्ड करून नवऱ्याच्या एका सहकाऱ्याला पाठवून दिलं. ॲमेझॉनचं स्पष्टीकरण असं होतं की यंत्राने लागोपाठ काही शब्द चुकीचे ऐकले आणि प्रत्येक वेळी त्याला ती आज्ञा वाटली. त्या दिवशी बोलणं घराच्या फरशीबद्दल चाललं होतं म्हणून निभावलं. जावेबद्दल, दिराच्या कर्जाबद्दल, लेकीच्या सोयरिकीबद्दल चाललं असतं तर?

दुसरी अडचण म्हणजे नोंद झालेलं बोलणं फक्त यंत्रच ऐकतं असं नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की अलेक्साला सुधारण्यासाठी ॲमेझॉनची माणसं काही रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढतात, आणि असं काम करणारी माणसं भारतातही होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्जियमच्या सार्वजनिक वाहिनीने गूगलसाठी असंच काम करणाऱ्यांकडून मिळालेली हजाराहून अधिक रेकॉर्डिंग ऐकली. त्यातली १५३ अशी निघाली की जिथे यंत्राला कुणी हाक मारलीच नव्हती. त्यात लोकांची झोपायच्या खोलीतली बोलणीही होती. ॲपलच्या सिरीबद्दलही त्याच महिन्यात असंच उघड झालं, आणि ऑगस्टमध्ये ॲपलने माफी मागितली. त्यानंतर या कंपन्यांनी माणसांनी ऐकण्याबाबतचे पर्याय ग्राहकांच्या हाती दिले. पण पर्याय हाती असणं वेगळं आणि तो वापरणं वेगळं.

"लपवण्यासारखं काय आहे?"

अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे स्पीकर वापरणाऱ्या ११६ जणांना त्यांच्याच घरातली रेकॉर्डिंग दाखवून प्रश्न विचारले होते. आपलं बोलणं कायम साठवलं जातं आणि ते आपल्याला परत ऐकता येतं, हे जवळजवळ निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. नोंदी उघडून पाहणारे चौथा हिस्सा. पुसणारे तर अगदी थोडे. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. स्वतःच्या बोलण्याबद्दल निर्धास्त असणारी माणसंही लहान मुलांचा आणि पाहुण्यांचा आवाज साठवला जातो म्हटल्यावर अस्वस्थ झाली.

म्हणजे मनाला आतून कळतं की आपलं आपण द्यायला मोकळे आहोत, दुसऱ्याचं नाही.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. घरात बोललं जातं त्यातलं बोलणाऱ्या बाईचं स्वतःचं किती असतं? शेजारची वहिनी येऊन सासरचं दुःख सांगते, ते तिचं. नणंदेचा रिपोर्ट आलेला असतो, तो तिचा. भांडी घासणाऱ्या मावशी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलतात, ते त्यांचं. मुलगी दार लोटून मैत्रिणीशी बोलते, ते त्या दोघींचं. आपण या सगळ्यांच्या राखणदार आहोत. राखणदाराने "माझं काही चोरीला जाण्यासारखं नाही" म्हणून दार उघडं टाकायचं नसतं.

आणि इथे मला आपलं स्वाध्यायाचं पुस्तक आठवतं. सत्याणुव्रत म्हटलं की आपण "खोटं बोलू नये" एवढ्यावर थांबतो. पण तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत ते एकदा नीट वाचा. मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया, म्हणजे चुकीचा उपदेश आणि खोटे लेख, हे दोन खोटेपणाचे झाले. उरलेले तीन बघा. रहोभ्याख्यान म्हणजे स्त्रीपुरुषांचं एकांतातलं उघड करणं. साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या हावभावावरून, प्रसंगावरून त्याच्या मनातलं ओळखून ते बाहेर फोडणं. आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही रहोभ्याख्यान आहे, न्यासापहार आहे आणि पैशून्य म्हणजे चहाडीही आहे.

म्हणजे दुसऱ्याची खासगी गोष्ट उघडी पडणं हा आपल्या आचार्यांनी सत्यव्रताला लागणारा डाग मानला आहे. उघड झालेली गोष्ट खरी असली तरी! "खरं तेच सांगितलं ना" ही पळवाट त्यांनी तेव्हाच बंद करून टाकली. आजकाल प्रायव्हसी हा शब्द आला की आपल्याला वाटतं हे परदेशातलं फॅड आहे. मला तर वाटतं की आपल्या आजी-पणजींना ते आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. माजघरातलं बोलणं ओसरीवर जात नसे.

कुणी म्हणेल, अतिचार तर बोलणाऱ्याला लागतो, यंत्राने ऐकलं त्यात माझा काय दोष? दोष किती, हे ठरवणारी मी कोण? पण कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही आपण शिकलेलो आहोत. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होत असताना संमती देणं. जे यंत्र मी आणलं, मी जोडलं, मी चालू ठेवलं, त्याने पाहुणीचं बोलणं टिपलं तर "मी नाही ऐकलं" एवढ्याने मी मोकळी होत नाही. जाणूनबुजून केलेलं नसेल, पण प्रमाद तर आहेच. आणि प्रमाद टाळता येतो.

ठेव कुणाकडे ठेवतो आहोत?

न्यासापहाराचं जे स्पष्टीकरण टीकाकारांनी दिलं आहे ते फार सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा नेमकी रक्कम विसरला, आणि परत मागताना कमी मागितली. तेव्हा ठेव घेणारा म्हणतो, "हो, एवढीच होती." तो काही हिसकावून घेत नाही, दुसऱ्याच्या विसरण्याचा फायदा घेतो, एवढंच.

आता आपल्या आवाजाच्या नोंदींचा विचार करा. किती दिल्या, कधी दिल्या, आपल्या लक्षात आहे का? २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर आरोप ठेवला की मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग कंपनीने बेमुदत साठवून ठेवली, आणि आईवडिलांनी पुसायला सांगितल्यावरही बोलण्याची लिखित नक्कल सगळीकडून पुसली नाही. ॲमेझॉनने आरोप मान्य केले नाहीत, पण अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सिरीने न बोलावता ऐकल्याच्या दाव्यात ॲपलनेही २०२५ च्या सुरुवातीला साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथेही आरोप मान्य केले नाहीत.

मी हे कंपन्यांना दूषण द्यायला सांगत नाही. व्यापारी समाजातल्या आपण, व्यापार कसा चालतो ते आपल्याला कळतं. मुद्दा एवढाच की जिथे ठेव ठेवायची तिथली रीत आधी विचारून घ्यावी, आणि ती मधूनमधून पुन्हा विचारावी. कारण रीत बदलते. अमेरिकेत काही एको यंत्रांवर "आवाज बाहेर पाठवू नका, यंत्रातच काम करा" असा पर्याय होता. २८ मार्च २०२५ पासून तो बंद झाला. ज्यांनी तो पर्याय पाहून यंत्र घेतलं होतं त्यांनी काय करायचं? म्हणून "घेताना सगळं नीट बघितलं होतं" हे पुरेसं नाही.

आलोचना ऐकणारे आचार्य कसे असावेत, याचं वर्णन भगवती आराधनेत आहे. त्यातला एक गुण म्हणजे अपरिस्रावी. पाझरत नाही तो. शिष्याने मन मोकळं केलं, दोष सांगितले, ते त्यांच्यापाशीच राहतात, थेंबभरही बाहेर येत नाहीत. ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं त्याची आपल्या परंपरेने घातलेली ही अट आहे. घराच्या भिंतीही एक प्रकारे आपलं ऐकत असतात, आणि त्या पाझरत नाहीत या भरवशावर आपण घरात मोकळं बोलतो. तो भरवसा टिकवणं हे घर सांभाळण्याचाच भाग आहे, जसं फडताळ सांभाळणं, दागिने सांभाळणं.

घरातल्या घरातही

आता थोडं अवघड बोलते. आपण सगळ्या कंपनीच्या कानाबद्दल बोलतो, पण घरातल्या कानांबद्दल बोलत नाही.

स्पीकर कुणाच्या तरी खात्याला जोडलेला असतो, बहुतेक घरांत मुलाच्या किंवा नवऱ्याच्या. त्या खात्याच्या ॲपमध्ये साधारणपणे त्या यंत्राला सांगितलेल्या गोष्टींची तारीखवार, वेळेनुसार यादी दिसते, आणि रेकॉर्डिंग साठवलेलं असेल तर ते त्याच आवाजात ऐकताही येतं. घरातल्या सुनेने दुपारी एकटी असताना काय विचारलं, कोणतं गाणं लावलं, कुणाला फोन लावायला सांगितला, हे संध्याकाळी दुसरं कुणी बघू शकतं. तिला हे कुणी सांगितलेलं असतं का?

शिवाय "ड्रॉप इन" नावाची एक सोय आहे. परवानगी दिलेल्या माणसाने आपल्या फोनवरून किंवा दुसऱ्या एकोवरून जोडणी केली की इकडे कुणी फोन उचलावा लागत नाही, थेट खोलीतलं ऐकू येऊ लागतं. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणारी मुलं गावाकडच्या एकट्या आईसाठी ही सोय मुद्दाम करून देतात. आई पडली, फोनपर्यंत जाता आलं नाही, तर उपयोग होतो. फार मोलाची सोय आहे. पण त्याच खोलीत आईच्या मैत्रिणी स्वाध्यायाला बसतात, तेव्हा त्यांना माहीत हवं की नको?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. म्हाताऱ्या सासूला न सांगता, तिला समजेल अशा भाषेत न सांगता, तिच्या खोलीत हे यंत्र ठेवू नये. सुनेला न सांगता स्वयंपाकघरात ठेवू नये. काळजीपोटी केलेली गोष्टही समोरच्याला माहीत नसेल तर ती पाळतच होते. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, ही अचौर्यव्रताची आपली व्याख्या आहे. बोलणं ही वस्तू नव्हे हे मला कळतं. पण कुणी दिलेलं नसताना ते घेऊन ठेवणं त्या व्रताच्या भावनेला धरून आहे का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावं.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती लागते.

पण या कायद्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. एखादी व्यक्ती स्वतःच्या घरगुती कामासाठी जी माहिती वापरते तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे कंपनीने काय करावं हे कायदा सांगेल. पण आपण आपल्या मावशींना, पाहुणीला, सुनेला सांगावं की नाही, हे तो सांगणार नाही. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. उंबऱ्याच्या आत व्रत आहे, आणि ते पाळायचं की नाही हे घर चालवणाऱ्या बाईच्या हातात आहे.

रोजच्या सवयी

पाणी गाळून घेणं आपण कुणी सांगायची वाट बघत नाही. हंडा भरला की गाळणं आपोआप हातात येतं. त्यात भीती नसते, विवेक असतो, सवय असते. या यंत्राबाबतही मला तेवढंच अपेक्षित आहे. पुढच्या गोष्टी अर्ध्या तासात होतात आणि त्यासाठी घरातल्या कॉलेजातल्या मुलामुलीची मदत घेतली तरी चालते.

जागा ठरवा. झोपायची खोली, देवघर आणि जिथे पाहुणे बसतात ती जागा टाळा. स्वयंपाकघरात टायमर आणि स्तोत्रासाठी ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग तिथे काय बोलायचं याचं भान ठेवा.

मायक्रोफोन बंद करायची सवय लावा. एकोवर त्यासाठी बटण असतं, ते दाबलं की लाल दिवा लागतो. नेस्ट मिनीच्या बाजूला सरकवायचा खटका असतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असे स्पीकर वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा दिसलं की हे बटण लोक क्वचितच वापरतात. ज्याचा भरवसा नाही तो यंत्र घेतच नाही, आणि ज्याने घेतलं तो बटणाला हात लावत नाही. आपण याला आपल्या दिनचर्येची जोड देऊ शकतो. सामायिकाला बसताना आणि सूर्यास्तापूर्वीचं जेवण आटोपून ओटा आवरताना मायक्रोफोन बंद. सकाळी स्तोत्र लावायचं तेव्हा चालू. पाहुणी मन मोकळं करायला लागली की उठून बंद करायचं, आणि नुसतं बंद करायचं नाही, तिला दिसेल असं करायचं. "थांबा वहिनी, हे बंद करते, मग बोला." या एका वाक्याने तिला जो धीर येतो तो चहाच्या कपानेही येत नाही.

नोंदी किती काळ ठेवायच्या ते ठरवा. अलेक्साच्या ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये अलेक्सा प्रायव्हसी आहे. तिथे रेकॉर्डिंग साठवूच नये, तीन महिने ठेवावं की अठरा महिने, हे निवडता येतं. माणसांनी रेकॉर्डिंग ऐकण्याची परवानगी त्याच भागात आहे, ती बंद करा. गूगल खात्यात वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीमध्ये आवाजाच्या नोंदीची चौकट असते, तिथली खूण काढून टाका. जुनं साठलेलंही तिथूनच पुसता येतं.

ड्रॉप इन कुणाकुणाला आहे ते बघा. नको असेल तर पूर्ण बंद करा. आईसाठी हवं असेल तर तिच्या एका मुलापुरतं ठेवा, आणि जोडण्याआधी फोन करून विचारायचं असं घरात ठरवून घ्या. आवाजाने खरेदी होत असेल तर तीही बंद करा किंवा तिला पिन लावा.

मुलांसाठी नियम करा. नाव, शाळा, पत्ता, घरात कोण आजारी आहे, हे यंत्राला सांगायचं नाही. आणि त्यांना हेही सांगा की हे यंत्र म्हणजे ताई नाही. लहान मुलं त्याच्याशी माणसासारखी बोलतात, म्हणून हे सांगावं लागतं.

घरात कामाला येणाऱ्यांना सांगा. "मावशी, या डब्याला आवाज कळतो, लाल दिवा असला की बंद असतो." बस, एवढंच.

आणि फक्त स्पीकरवर थांबू नका. टीव्हीचा रिमोट, टीव्ही आणि खिशातला फोन, सगळ्यांना कान आहेत. सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीच्या अटींमध्ये २०१५ मध्येच लिहिलेलं आढळलं होतं की आवाजाची सोय चालू असताना समोर बोललेलं खासगी बोलणंही टिपलं जाऊन बाहेर जाऊ शकतं. फोनमध्ये "हे गूगल" ऐकणं बंद करता येतं. आर्यिका माताजींकडे किंवा महाराजांकडे आलोचनेला, काही मनातलं विचारायला जाताना फोन पर्समध्ये नको, बाहेरच राहू द्या. समोर बसलेले अपरिस्रावी आहेत, पर्समधल्या वस्तूबद्दल तसं म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल, फोन तर सगळ्यांकडे आहेच, मग स्पीकरचंच एवढं काय? नळ गळतो म्हणून माठालाही भोक पाडायचं नसतं. जिथे हात पोहोचतो तिथलं गळणं थांबवावं. आस्रव आणि संवर शिकताना आपण हेच शिकतो. सगळी दारं एका दिवसात बंद होत नाहीत, पण एकेक दार बंद करता येतं. संवराच्या साधनांत गुप्ती पहिली येते, आणि गुप्ती या शब्दातच राखणं, रक्षण करणं हा अर्थ आहे.

मग घ्यावं की नाही?

ज्या आजींची नजर गेली आहे, ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, ज्यांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, त्यांना नुसतं बोलून स्तोत्र ऐकता येतं, मुलीला फोन लावता येतो, औषधाची आठवण मिळते. अशा घरात हे यंत्र जरूर असावं. तिथे ते वैयावृत्त्याला मदत करतं असं मी म्हणेन.

पण चार पावलांवर दिव्याचं बटण असताना आवाजाने दिवा लावायला, आणि शेजारी दुसऱ्या खोलीत आहे म्हणून आपल्याकडेही हवं, एवढ्यासाठी घेत असाल तर भोगोपभोग परिमाण व्रताकडे एकदा बघा. आहेरात आलं म्हणून जोडलंच पाहिजे असंही नाही. खोक्यात बंद असलेला स्पीकर कुणाचंच ऐकत नाही.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवावा अशी माझी सूचना आहे. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी त्या खात्याचा फोन सोबत आणावा, आणि कॉलेजातल्या एखाद्या मुलीला समोर बसवून प्रत्येकीने आपापल्या नोंदी उघडून बघाव्यात. शेजारणीच्या नोंदी मात्र कुणी वाचायच्या नाहीत, हे आधीच ठरवून घ्या.

जय जिनेंद्र.